नवं रबर, नवी काच, तरी केबिनमध्ये पाणी: जुन्या ट्रकच्या गळतीचा माग

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही तेच आहे का ते कळेल. जुना ट्रक, लाकडी सांगाड्याची केबिन, समोर दोन भागांची सपाट काच. नुकतंच सगळं नवं केलंय: पत्रा, रंग, काचेचं रबर. पहिल्या पावसात क्लिनरच्या बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, डॅशबोर्डच्या आतून उतरतं आणि फ्यूजच्या डबीवर ठिबकतं. तुम्ही सिलिकॉन भरता. महिनाभर बरं जातं. मग पुन्हा तिथूनच, नाहीतर वीतभर अंतरावरून. रबर बदलता, पुन्हा तेच. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे शेडमध्ये उभ्या गाडीवर पाइपाने अर्धा तास पाणी मारलं तर आत एक थेंब येत नाही.

हे शेवटचं लक्षण जुळत असेल तर पुढे वाचा. उभ्या गाडीवर पाणी मारूनही गळत असेल तर तुमचा रोग साधा आहे. त्याचं खाली, शेवटाकडे लिहिलंय.

आमची गाडी टाटा १२१०, कागदावर १९७४ ची. वडिलांनी ती जुनीच घेतली होती. घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीला आला त्यानंतरची बरीच वर्षं ती लासलगावच्या बाजूने कांदा आणायची. पुढे ती तुर्भ्याच्या एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. वडील गेल्यावर ती भंगारात द्यायची की नीट करायची यावर घरात बरीच वादावादी झाली. आईने एका वाक्यात निकाल लावला: "त्यांनी घर त्या गाडीवर बांधलं, तुम्ही तिला किलोवर विकणार का?" झालं. २०२२ च्या हिवाळ्यात गाडी रंगून तयार झाली, आणि जूनमध्ये केबिनमध्ये बादली ठेवायची वेळ आली.

या गाडीला अजूनही बरेच जण "मर्सिडीज" म्हणतात. टाटांची ट्रक बनवणारी कंपनी टेल्को आणि मर्सिडीजवाली डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ ला संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन 'टी' आला. म्हणजे आमच्या गाडीवर तारा कधीच नव्हता. रंगारी हौसेने एक तारा घेऊन आला होता, तो परत पाठवला. १२१० मधला बाराचा आकडा एकूण वजनाच्या टनांचा आणि दहाचा म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. हे सगळं गळतीशी संबंधित नाही, पण पुढची गोष्ट आहे: कंपनी तेव्हा पूर्ण ट्रक देत नसे.

जमशेदपूरहून यायची ती चासी. इंजिन, बॉनेट, आणि समोरचा तोंडाचा भाग, म्हणजे काउल. मागे काहीच नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला फडकं नि डोळ्यांना गॉगल लावून, ऊन-पाऊस झेलत ती देशभर पोचवायचा. मग बॉडी बांधणारा सुतार त्या काउलला मागून लाकडी सांगाडा जोडायचा, वर पत्रा ठोकायचा, दरवाजे करायचा, आणि त्यामागे माल भरायचा हौदा. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या केबिनी कधीच सारख्या नसायच्या. कपाळाची उंची, टपाचा उतार, खिडकीची चौकट, सगळं त्या त्या मिस्त्रीच्या हाताचं. जुनी केबिन बघून ती कुठल्या गावची ते सांगणारे ड्रायव्हर आमच्या लहानपणी होते.

गळतीच्या दृष्टीने यातली मेख अशी, की तुमच्या डोळ्यांना जी एक केबिन दिसते ती मुळात दोन माणसांनी दोन ठिकाणी बनवलेल्या दोन वस्तू आहेत. पुढचा भाग कारखान्याचा, पोलादी. मागचा भाग सुताराचा, लाकडी. दोघांची गाठ पडते ती काचेच्या बाजूच्या खांबांपाशी. म्हणजे नेमकी आपल्या गळतीच्या शेजारी.

आम्ही काय काय वेडेपणा केला तेही सांगतो. पहिल्या पावसाळ्यात सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानातला, शिर्क्यासारखा वास येणारा. त्यातून सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि ते उघड्या पोलादाला गंजवतं. शिवाय त्याची साय एकदा पत्र्यावर चढली की तिच्यावर ना रंग धरत ना दुसरं सीलंट. पुढे ते खरवडायला मला दोन रविवार लागले, पट्टीच्या ब्लेडने, एकेक इंच. तेव्हा या गाडीला सिलिकॉन लावूच नका. बाथरूमला लावा.

२०२३ ला रबर बदललं. ते रबर पातळ होतं असं ठरलं, म्हणून त्याच पावसाळ्यात जाड रबर घातलं. जाड रबराने खालची गळती थोडी कमी झाली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात काचेला तडा गेला. आम्ही म्हणालो, दगड उडाला असेल. दगड कसला! दगडाचा तडा मारा बसतो तिथून, ताऱ्यासारखा फुटतो. हा कडेपासून सुरू होऊन आत वळत गेला होता. काचेला कडेवर दाब आल्याची ती खूण. तेव्हा ते वाचता आलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

उलगडा झाला तो वडिलांकडे पंधरा वर्षं ही गाडी चालवलेल्या ड्रायव्हरकाकांमुळे. २०२४ च्या जुलैत ते कोपरखैरण्याला घरी आले होते. गाडी मी हौसेने सोसायटीबाहेर आणून ठेवली होती, डावं पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून, कारण रस्ता अरुंद. आत टपटप चालू. काका आत बसले, हाताने खांब दाबून बघितला, आणि म्हणाले, "काल शेडमध्ये गळत होती का?" मी म्हटलं, नाही. "पाऊस होता ना काल पण?" होता, पण ती आत होती आणि आम्ही पाइपाने पाणी मारून बघितलं, कोरडी होती. काका खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली. "गाडी वाकडी उभी केलीय तुम्ही. सपाटीवर घ्या."

सपाटीवर घेतली. दहा मिनिटांत थेंब थांबला. पाऊस तसाच चालू होता.

मग काका जे बोलले ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. "आपली जुनी केबिन सारखी करकरायची, आठवतंय? शिळफाट्याच्या खड्ड्यात तर ओरडायची. ही आवाजच करत नाही. म्हणजे हिला हलायला जागा नाही. चासी तर पिळणारच. मग तो जोर निघणार कुठून?"

चासी पिळणारच, हे नव्याने जुनी गाडी नीट करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. ट्रकच्या चासीचे दोन लांब दांडे इंग्रजी 'सी'च्या आकाराचे असतात, एक बाजू उघडी. आडवे दांडे त्यांना रिबिटांनी जोडलेले. घरातली एखादी जाड लग्नपत्रिका घ्या, ती 'सी'सारखी दुमडून दोन टोकांना धरून पिळा. सहज पिळते. आता तीच गुंडाळून नळी करा, कड चिकटवा आणि पिळा. पिळत नाही. उघडा आकार वाकायला ताठ, पण पिळायला मऊ असतो. ट्रकवाल्यांना तेच हवं असतं, म्हणजे खड्ड्यात एक चाक गेलं तरी बाकीची जमिनीला टेकून राहतात. चासीचा हा दोष नाही, तिचं ते कामच आहे. अडचण तिच्यावर बसणाऱ्या खोक्यांची होते.

जुने मिस्त्री हे जाणून होते. हौद्याखाली चासीच्या लांबीभर लाकडी दांडा, वरून यू-बोल्ट, म्हणजे हौदा थोडा सरकू शकतो. केबिनखाली लाकडी पॅकिंग. केबिन आणि हौदा यांच्यात चार बोटं मोकळी जागा, मध्ये काही जोडलेलं नाही. आणि लाकडाचे सांधे स्वतःच थोडे खेळायचे. म्हणून ती करकरायची.

आमच्या गाडीचं नवं काम ज्यांनी केलं ते वेल्डिंगचे उत्तम कारागीर आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी कुजलेलं पॅकिंग काढून लोखंडी चौकोनी पाइप टाकले, बोल्ट आवळून घट्ट केले. मागची भिंत लाकडाऐवजी चौकोनी पाइपाची केली. आणि "हलायला नको" म्हणून केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत दोन अँगलांनी जोडून टाकली. परिणाम काय झाला बघा. काउल चासीच्या पुढच्या भागाबरोबर फिरतो. केबिनचा मागचा भाग हौद्याबरोबर, म्हणजे चासीच्या मधल्या भागाबरोबर फिरतो. दोघांमध्ये जी काही तफावत होते ती सगळी काचेच्या चौकटीने सोसायची. चौकट आयताची समांतरभुज होते, काच मात्र आयतच राहते. मग तिरप्या रेषेतल्या दोन कोपऱ्यांत रबर काचेपासून सुटतं, उरलेल्या दोन कोपऱ्यांत काचेवर चढून बसतं. चासी एका बाजूला पिळली की खाली डावीकडे गळती, उलट बाजूला पिळली की वर उजवीकडे तडा. दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं.

तुमच्या गाडीत हेच चाललंय का, हे तपासायला अर्धा तास आणि दोन लाकडी पट्ट्या लागतात.

गाडी सपाट जमिनीवर घ्या. काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. टेपने मोजताना कोपऱ्यात टेप वाकतो, म्हणून सुताराची रीत वापरा: दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणायच्या, पेन्सिलीने खूण करायची, मग त्याच पट्ट्या दुसऱ्या कर्णावर धरायच्या. फरक थेट दिसतो. आमचा सपाटीवर ३ मिमी होता. हाताने बांधलेल्या केबिनला एवढा चालतो.

आता पुढच्या एका चाकासमोर सहा इंच जाडीचा, चाकापेक्षा रुंद लाकडी ठोकळा ठेवा आणि गाडी हळू त्यावर चढवा. जॅक लावून चाक उचलू नका. बाकीच्या चाकांना ओट, म्हणजे अडवणीचे ठोकळे, लावा, हँडब्रेक ओढा, कुणी खाली जायचं नाही. पुन्हा कर्ण मोजा. आमचा फरक ११ मिमी झाला. त्याच वेळी एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घेऊन काचेच्या कडेने रबराखाली सरकवून बघा. सपाटीवर ते कुठेच शिरत नव्हतं. ठोकळ्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यात आरपार गेलं.

मग केबिन आणि हौदा जोडणारं जे काही असेल ते सोडा: अँगल, पट्टी, काही ठिकाणी तर पाण्याच्या ड्रमचं स्टँडच दोघांना मिळून वेल्ड केलेलं असतं. पुन्हा ठोकळ्यावर चढवा, पुन्हा मोजा. आमचे दोन अँगल सोडल्यावर ११ चे ७ झाले. नुसते आठ बोल्ट काढून! यानंतर फरक सपाटीच्या जवळ आला असेल तर तुमचं काम इथेच झालं, पुढच्या उद्योगात पडू नका.

आमचं झालं नाही, कारण केबिनचे पाय. मोजले तर सात निघाले. काउलचे तीन, मागच्या भागाचे चार. चार पायांचा पाट ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतो, तिवई कधीच नाही. जुन्या ट्रकांमध्ये पूर्ण पोलादी केबिनी आल्या तेव्हा कित्येक कंपन्यांनी हाच हिशोब केला आणि केबिन तीन ठिकाणीच टेकवली: दोन पुढे, एक मागे मधोमध, किंवा उलट. चासी खाली कितीही पिळो, तीन टेकूंवरचं खोकं पिळत नाही, फक्त कलतं.

काम तुर्भ्याच्या शेडमध्येच केलं, कळंबोलीच्या एका सुताराला चार दिवस बोलावून. क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबिन एक करायची, मगच तिचे पाय कमी करायचे. उलट केलंत तर काउल पुढे आणि मागचा भाग मागे लोंबकळेल, आणि काच हमखास जाईल.

म्हणून आधी दोन्ही बाजूंना खालून, दरवाज्याच्या उंबऱ्याच्या रेषेत, काउलपासून मागच्या भिंतीपर्यंत सलग एक लोखंडी पट्टा घेतला आणि काउलच्या पायाशी व मागच्या खांबाशी बोल्ट केला. वेल्ड नाही, बोल्ट. कधी सोडावं लागलं तर रंग जळायला नको. काचेच्या खांबांपाशी, जिथे पोलाद आणि लाकूड भेटतं, तिथे आतून कोनपट्ट्या टाकल्या. त्या डॅशबोर्डमागे झाकल्या जातात. आता काउल आणि केबिन मिळून एक पेटी झाली.

मग मागच्या भागाचे चारही पाय काढले. पुढे काउलच्या दोन बाजूंच्या मूळ ब्रॅकेटवर रबरी पॅड टाकले, मधला तिसरा पाय सोडून दिला. मागे केबिनखाली आडवा दांडा घेतला आणि तो मधोमध एका जाड पिनवर टेकवला. पिनेला बुश म्हणून स्प्रिंगच्या पाट्याच्या डोळ्यातला जुना बुश वापरला. हा सुताराचा शोध, माझा नाही. दांड्याच्या दोन टोकांना खाली रबराचे ठोकळे, साधारण २० मिमी मोकळीक ठेवून, म्हणजे केबिन एका मर्यादेपलीकडे कलणार नाही.

इथे तीन गोष्टी मी हट्टाने पाळल्या, तुम्हीही पाळा. चासीच्या दांड्याच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो आणि भोकापासून चीर सुरू होते. उभ्या भागात आधीपासूनची भोकं असतात, ती वापरा. चासीला वेल्डिंग तर मुळीच नको. केबिनला वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या तारा काढा. आणि तिसरं, केबिन आता चासीपेक्षा वेगळी हलणार, म्हणजे जे जे चासीवरून केबिनमध्ये येतं त्याला खेळायला जागा लागेल. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, पेडलचे सांधे, एअर ब्रेकची नळी. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं भोक आम्हाला बोटभर मोठं करावं लागलं आणि त्यावर रबरी घडीचा मोजा चढवावा लागला. ठोकळ्यावर गाडी चढवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, कुठे काही घासत नाही ना हे बघितल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका. हे काम जमत नसेल तर नुसती हौद्याची जोडणी सोडून थांबा. गळती परवडते, अडकलेलं स्टिअरिंग परवडत नाही.

सगळं झाल्यावर त्याच ठोकळ्यावर: ४ मिमी.

आता रबर. हे सगळं करायच्या आधी रबराला हात लावू नका असं मी म्हणतोय, पण नंतर ते नीट लावावंच लागतं. या रबराला दोन खाचा असतात, एक पत्र्याच्या कडेवर बसते, दुसरीत काच. दोन्ही खाचांची रुंदी जुळायला हवी. बाजारात माणूस फक्त काचेची जाडी सांगतो आणि पत्र्याची विसरतो. नवं काम केलेल्या गाडीत पत्रा दुहेरी झालेला असतो, वर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा थर, मग खाच फाकते आणि रबर उलटं बसतं. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा कापून खिशात ठेवा आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कळंबोलीला दुकानात तो काउंटरवर ठेवा. मॉडेलचं नाव सांगू नका. नावावर मिळणारं रबर फार तर जवळपास जातं.

काच लॅमिनेटेडच घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट थर असलेली. सपाट असल्याने काचवाला ती मापाने कापून देतो. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, आणि फुटली तर पूर्ण काचेचा चुरा होतो. समोर ती नकोच. लॅमिनेटेडच्या कडा मात्र ओल्या राहिल्या तर मधला थर पांढरा पडत जातो. तुमच्या काचेच्या खालच्या कडेला दुधासारखी झालर दिसत असेल तर पाणी तिथे बरेच दिवस मुक्कामाला आहे असं समजा.

बसवताना दोरीची युक्ती अजूनही सगळ्यात चांगली. काचेला रबर चढवायचं, पत्र्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी घालायची, दोन्ही टोकं खाली मधोमध आतल्या बाजूला सोडायची. बाहेरून एकाने तळव्याने दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायचं. रबराची कड दोरीमागोमाग पत्र्यावर चढते. वंगण म्हणून साबणाचं पाणी. ग्रीस किंवा डिझेल अजिबात नाही. आजकालचं बरंचसं काळं रबर ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, त्याला तेल लागलं की ते फुगतं आणि पिलपिलीत होतं. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारं काळं मॅस्टिक किंवा ब्यूटिलची पट्टी. ती कायम मऊ राहते, उरलेले ४ मिमी ती पचवते. रबराचा जोड कधीही खालच्या कोपऱ्यात ठेवू नका, वर मधोमध घ्या.

आणि आतला गालिचा काढून टाका! आमच्या पायाखाली रेक्झिनच्या खाली जाड नमदा होता. त्यात मुरलेलं पाणी आठवडाभर बाहेर येत राहिलं, आणि आम्ही दुरुस्ती फसली म्हणून कपाळाला हात लावून बसलो. दुरुस्तीनंतर पहिले दोन पाऊस फरशी उघडी ठेवा. पाणी कुठून येतं ते दिसेल आणि पत्राही वाचेल.

आता ज्यांची गाडी उभ्या जागीही गळते त्यांच्यासाठी. पाणी जिथे पडतं त्याच्या वर कुठेतरी ते आत शिरलेलं असतं, पण सरळ वर नाही. लाकडी सांगाड्याच्या खाचेतून ते दोन-तीन फूट आडवं जातं. म्हणून पाइप वरून सुरू करू नका. खालच्या सांध्यापासून सुरुवात करा, एका जागी दहा मिनिटं, मग थोडं वर. आतल्या सांध्यांवर चेहऱ्याची पावडर भुरभुरवून ठेवा. ओघळ आला की रेघ उमटते. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

नव्याने रंगवलेल्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे दरवाजे. खिडकीच्या काचेवरून पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतंच, ते थांबवता येत नाही. ते खालच्या कडेच्या भोकांतून निघून जायला हवं. पेंटर ती भोकं लांबीने प्रेमाने बुजवतो. मग दरवाजा हौदासारखा भरतो आणि वळणावर आत सांडतो. दरवाजा हलवून बघा, आत डचमळलं तर ड्रिल घ्या. त्यानंतर टपावरच्या कॅरियरचे बोल्ट, त्यांच्याखाली रबरी वायसर नसतात. मग कपाळावरच्या दिव्यांच्या तारांची भोकं, बॉनेटखालच्या भिंतीत केबलांभोवतीचे रबरी कडे, आणि समोरची हवेची झडप. झडपेखालचं रबर कुणी बदलतच नाही, कारण ती बंद दिसते.

पूर्ण पत्र्याच्या केबिनीचं गणित वेगळं आहे. ठाण्यात वागळे इस्टेटजवळ आमच्या ओळखीतल्या एकाकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला फार्गो आहे. त्याचंही पाणी काचेपाशीच पडायचं, पण ते येत होतं टपाच्या कडेच्या पन्हळीतून. पन्हळ आणि टप यांचा जोड ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेला असतो, मधलं सीलंट पन्नास वर्षांत दगड होऊन तडकतं, आणि पाणी खांबाच्या पोकळीतून खाली उतरतं. त्याने पन्हळीतलं जुनं सगळं खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरलं, प्रश्न मिटला. त्याचे कर्ण मी मोजले होते, ठोकळ्यावर जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. त्याच्या केबिनचे पाय कुणी बदललेलेच नव्हते.

एक गृहस्थ मला म्हणाले, एवढं करताय तर केबिन बंद करून एसीच लावा, आता नव्या ट्रकांना सक्तीचा झालाय ना. झालाय, २०२५ मध्ये, साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना, आणि ड्रायव्हर लोकांसाठी ते फार आधी व्हायला हवं होतं. पण त्या केबिनी कारखान्यातून पूर्ण येतात. आमच्या लाकडी पेटीला एसी लावला तर आतल्या भिंतींना घाम फुटेल आणि मी पुन्हा गळती शोधत बसेन.

२०२५ चा पूर्ण पावसाळा गाडी चालवली. तुर्भे ते कळंबोली, दोनदा घोडबंदर रोड, एकदा मुद्दाम शिळफाट्यावरून कल्याणपर्यंत, काकांना शेजारी बसवून. फ्यूजची डबी कोरडी. खालचा डावा कोपरा कोरडा. केबिन आता पुन्हा करकरते, मागच्या पिनेपाशी, आणि काकांनी तो आवाज ऐकून नुसती मान हलवली. एक थेंब अजून येतो, ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरच्या दांड्याजवळून. तिथला पितळी बुश झिजलाय, नवा कुठेच मिळाला नाही. रबाळ्याच्या एका लेथवाल्याकडे जुना नमुना देऊन ठेवलाय. तोवर दांड्याला सुतळी गुंडाळून त्यावर मॅस्टिकचा गोळा दाबलाय.